भिगवणचे पाहुणे आणि आमचा 'पूल'

पुणे-सोलापूर रेल्वेने जाणाऱ्या माणसाला भिगवण ठाऊक असते ते एक स्टेशन म्हणून. दौंड मागे पडले की प्रवासी पुन्हा पेंगू लागतो, आणि भिगवण केव्हा आले नि केव्हा गेले हे त्याला कळतही नाही. तिथे मुद्दाम उतरावे, रात्री मुक्काम करावा, पहाटेच्या थंडीत कुडकुडत होडीत बसावे, असे वेड पूर्वी कोणाला लागले नव्हते. आता मात्र पुण्या-मुंबईची शहाणीसुरती कुटुंबे मफलर गुंडाळून तिथे जातात. हे वेड लावले ते उजनीच्या धरणाने.

भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. भिंत आहे सोलापूर जिल्ह्यात. पण तिच्यामागचा फुगवटा पसरत पसरत पार पुणे जिल्ह्यात भिगवणच्या अंगणापर्यंत आला. कितीतरी गावांची शिवारे, विहिरी आणि देवळे त्याने पोटात घेतली. दुष्काळाच्या वर्षी पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने शिवालय पुन्हा उघडे पडते, आणि माणसे चिखल तुडवीत दर्शनाला जातात. ज्यांनी जमिनी गमावल्या त्यांच्यापैकी काही जणांनी पुढे त्याच पाण्यात जाळी टाकली. आणि या उथळ पाण्याचा, चिखलाचा, शेवाळाचा सुगावा पाखरांना लागला. दिवाळी सरून थंडी पडू लागली की ती येऊ लागतात; पाणी जसजसे उतरते तसतशी दलदल उघडी होते आणि गर्दी वाढत जाते. मार्चपर्यंत हा मेळा चालतो. मंगोलिया-तिबेटाकडून हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, कुरव येतात, शेकाटे येतात. आणि सर्वांत मानाचे पाहुणे म्हणजे रोहित, ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो. त्यांची घरटी कच्छच्या रणात. पण जेवायला ते आपल्याकडे येतात.

या पाहुण्यांची अडचण एकच. ते पाहुणे असले तरी ओटीवर येऊन बसत नाहीत. शंभर-दीडशे पावलांवर उभे राहतात आणि जवळ जाऊ लागलात की तेवढेच पुढे सरकतात. मोबाईलने फोटो काढला तर चार फूट उंचीचा रोहित तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. मोठ्या कॅमेऱ्याला लावायची लांबलचक भिंगे मिळतात. पण त्यांतल्या काहींची किंमत मोटारगाडीच्या घरात जाते, आणि ती ऐकली की मध्यमवर्गीय गृहस्थ दुकानदाराकडे आधी पाणी मागतो.

या दोन टोकांना जोडणारा म्हणून 'ब्रिज कॅमेरा'. नावाप्रमाणेच तो पूल आहे: एका काठावर खिशातला छोटा कॅमेरा, दुसऱ्या काठावर छायाचित्रकाराचा मोठा. त्याचे भिंग बदलता येत नाही. पण तेच एक भिंग समोरच्या अख्ख्या वाड्यापासून चंद्रावरच्या खळग्यांपर्यंत सर्व काही टिपते. आमच्या घरी आला तो निकॉनचा पी ९००. हा २०१५ साली बाजारात आला. त्याचा पल्ला २४ ते २००० मिलिमीटर, म्हणजे ८३ पट. खरे पाहता त्याच्या भिंगाची लांबी ३५७ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. मग दोन हजार आले कोठून? मेख अशी, की आतली प्रकाश टिपणारी काचपट्टी जेमतेम सहा मिलिमीटर रुंद; मोठ्या कॅमेऱ्यातली छत्तीस. एवढ्याशा खिडकीतून पाहिले की दृश्याचा लहानसा तुकडाच दिसतो, आणि तोच चित्रभर पसरतो. अर्थात खिडकी लहान म्हणजे उजेडही थोडा. कातरवेळी हा कॅमेरा कुरकुर करतो आणि चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे उमटतात.

कॅमेरा मुलाने पाठवला होता तो माझ्यासाठी. पण त्याचा ताबा घेतला आमच्या सौभाग्यवतींनी. तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेली बाई ती. यंत्र हाती आले की त्याचे पुस्तक आधी वाचायचे, हा तिचा नेम. खोक्यात निघाली ती पातळशी पुस्तिका. संपूर्ण माहितीपुस्तक कंपनी इंटरनेटवर फुकट देते, हे कळल्यावर तिने ते उतरवून घेतले. शिवाय यूट्यूबवर धडे आहेतच; इंग्रजी-हिंदीत मुबलक, शोधले तर मराठीतही. शिकवणी फुकट, शाळा घरात, आणि गुरुजींना हवे तिथे थांबवून 'पुन्हा सांगा' म्हणता येते! मात्र सर्वच गुरुजी सारखे नसतात. काहींचे आत्मचरित्र संपेपर्यंत कुकरच्या दोन शिट्ट्या होतात. तिने दहा-बारा जणांची परीक्षा घेतली, तिघांना ठेवले, बाकीच्यांना नापास केले.

मग एक दोनशे पानी वही आली. पहिल्याच पानावर तिने लिहिले: "नळ किती सोडला, किती वेळ सोडला आणि भांडे केवढे." छायाचित्रणाची सारी गणिते या एका वाक्यात बसतात. नळाची चावी म्हणजे भिंगाचे छिद्र, वेळ म्हणजे पडद्याचा वेग, आणि भांडे म्हणजे ज्याला आय.एस.ओ. म्हणतात ती संवेदनशीलता. भांडे लहान घेतले की थोड्या पाण्यात भरते, पण गाळही जास्त दिसतो. उडता पक्षी टिपायचा तर नळ क्षणभरच उघडायचा, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका; मग चावी पूर्ण सोडा नाहीतर भांडे लहान करा.

दुसरा धडा त्याहून गमतीचा. कॅमेऱ्याला सारे जग राखाडी असावेसे वाटते. कावळा चित्रभर असला तर तो त्याला उजळून राखी करतो. बगळा चित्रभर असला तर त्याला काळवंडून टाकतो. आणि काळ्याशार पाण्यात एवढासा बगळा असेल तर पाणी उजळण्याच्या नादात बगळ्याची पिसेच पुसून टाकतो. म्हणून अधिक-उणे खुणेची एक कळ असते. ती केव्हा कोणीकडे फिरवायची, हे माणसाने ठरवायचे. समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसणाऱ्या कावळ्याने या अभ्यासासाठी पंधरा दिवस विनामूल्य हजेरी लावली. त्याला रोज पोळी मिळत गेली, ही गोष्ट वेगळी.

एवढी तयारी झाल्यावर जानेवारीत आम्ही निघालो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवण सुमारे शंभर किलोमीटर. जवळच्या कुंभारगावात कोळ्यांची घरे आता पाहुण्यांची सोय करतात. सकाळी साडेसहाला होडीत बसलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि नावाड्याच्या डोक्याला फडके गुंडाळलेले होते. पोरगा पंचविशीचा असेल. मासेमारी हा घरचा धंदा; थंडीचे चार महिने पाखरे दाखवण्याचा जोडधंदा. इंग्रजी नावे त्याला तोंडपाठ होती, पण आपसात बोलताना तो 'रोहित' म्हणायचा.

होडीत तिपाई लावण्यात अर्थ नसतो; पाणीच हलते. वहीत लिहिल्याप्रमाणे कोपरे बरगड्यांना टेकवून, श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि कळ हलकेच दाबायची. पूर्ण पल्ल्यावर कॅमेऱ्याला आभाळाचा जेमतेम एक अंश दिसतो. सुईच्या नेढ्यातून पाखरू शोधण्याचाच तो प्रकार. त्यासाठी भिंगाच्या बगलेला एक बटण आहे. दाबले की दृश्य एकदम रुंद होते; पाखरू मधल्या चौकटीत आणून सोडले की कॅमेरा पुन्हा तिथेच झेप घेतो. हे बटण कित्येकांना ठाऊकच नसते. ते त्या फुकटच्या पुस्तकात होते.

पट्टकादंबांचा थवा काठच्या गवतात चरत होता. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव. सौ.ने सूर्य पाठीशी घेतला, कळ उण्याकडे फिरवली आणि मला पडद्यावर दोन्ही पट्टे मोजायला लावले. दोन भरले. तिच्या चेहऱ्यावर वर्गातले सर्वांत अवघड गणित सुटल्याचा आनंद होता.

मग रोहित दिसले. उथळ पाण्यात गुलाबी रेघ ओढल्यासारखी ओळ, माना खाली, चोची उलट्या करून चिखलपाणी गाळण्याचे काम चालू. नावाड्याने बांबू रोवला आणि होडी थांबवली.

"काकू, हितनंच काढा. म्होरं गेलो तर उठत्यात."

"इथूनच पुरे आहे, दादा," सौ. म्हणाली.

दुसरी एक होडी मात्र आमच्या बाजूने सरळ पुढे गेली. 'अजून जवळ, अजून जवळ' असा तिच्यातून गलका चालला होता. पाखरांनी माना वर केल्या, पाण्यावर धावत चार-सहा पावले टाकली आणि सगळी रेघ हवेत चढली. पंखांखालचा लालभडक आणि काळा रंग क्षणभर झळकला. त्या होडीत टाळ्या वाजल्या. दृश्य अप्रतिम होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

"उडाली की झ्याक दिसत्यात," नावाडी म्हणाला, "पर खात्याली पाखरं उठवली की त्यास्नी पुन्यांदा ठाव हुडकाया लागतो. रोज उठवली तर फुडल्या साली कशाला येतील? अन् ती न्हाई आली, तर आमच्या होडीत तरी कोण बसंल?"

त्याचे बोलणे भुकेचे होते, पाखरांच्या आणि त्याच्या स्वतःच्याही. लांब पल्ल्याच्या भिंगाचा खरा उपयोग मला तेव्हा उमगला. दूरचे जवळ आणणे एवढाच तो नाही. आपण दूर राहू शकतो, हा आहे.

दहा वाजता ऊन चढले आणि दूरची चित्रे थरथरू लागली. तापलेली हवा म्हणजे आणखी एक भिंग, आणि ते कोणालाच पुसता येत नाही. तेव्हा कॅमेरा मिटावा, असा वहीत नियम होता. सौ. तो पिशवीत घालणार, तोच पोरगा संकोचाने म्हणाला, "काकू, एक काम हुतं. ते वठल्यालं झाड दिसतंय का, पान्यात? त्याचा एक काढा. आमचं जुनं शिवार तितं हुतं. आज्याला दावायचंय. त्याला आता होडीत बसवत न्हाई."

दूर पाण्यात एक काळा खुंट उभा होता, वर एक सुरय बसली होती. सौ.ने नियम बाजूला ठेवला, भिंग पूर्ण लांबवले, आणि एकामागून एक वीस फोटो काढले.

जेवायला भाकरी, ठेचा आणि तळलेली चिलापी होती. घरी आल्यावर वहीतला शेवटचा धडा: निवड. सहाशेवर फोटोंतून तिने अकरा ठेवले; बाकीचे, मी आर्जवे करूनही, पुसून टाकले. खुंटाचा फोटो तिच्या हिशेबाने नापासच होता. कडा वितळलेल्या, पाखरू धूसर. तरी तोच तिने सर्वांआधी कुंभारगावला पाठवला.

दोन दिवसांनी उत्तर आले. आज्याने फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि नातवाला सांगितले, की ही बाभूळ नव्हे, चिंच. हिच्याखाली आपली मोट चालायची.