सांगून बिघडणारी गाडी

लांबच्या प्रवासाला मोटरसायकलवर निघालेल्या माणसाला घरातून, शेजारातून, ऑफिसातून एक प्रश्न हमखास येतो: "आणि वाटेत बंद पडली तर?" कार घेऊन निघालेल्याला असं कोणी विचारत नाही. बंद कारही पडते, पण तिच्यात काचा वर करून मदतीची वाट पाहता येते. दुचाकी थांबली की माणूस थेट रस्त्यावर येतो, तेव्हा प्रश्नामागची काळजी खोटी नसते. बाईमाणसाला तो जरा जास्त वेळा विचारला जातो, इतकंच. मी मात्र त्यावर "नाही पडणार" असं उत्तर देत नाही. तशी हमी कुठलंच यंत्र देऊ शकत नाही.

जरा हिशेब करून पाहावा. दीडशे सीसीची साधी गाडी हमरस्त्यावर साठ-पासष्टच्या वेगाने चालली की तिचं इंजिन मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे घेतं, म्हणजे तासाला तीन लाख. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे तासाला दीड लाख स्फोट. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा, एकदा वर आणि एकदा खाली, क्षणभर थांबून उलटा फिरतो. सकाळी पुण्याहून निघून आठ तास गाडी चालवून पणजी गाठली, तर मांड्यांच्या मधोमध बारा लाख स्फोट होऊन गेलेले असतात आणि आपण फक्त कंबर दुखल्याची तक्रार करत उतरतो. गाडी बंद का पडते, यापेक्षा ती इतका वेळ चालते कशी, याचंच आश्चर्य वाटायला हवं.

दिवसा हे काही मनात येत नाही. चौपदरी रस्ता असतो, दर चार-पाच किलोमीटरवर हॉटेल, पंप, पंक्चरवाला. पण सूर्य मावळला, मोबाइलची रेंज गेली, दोन्ही बाजूंना जंगल सुरू झालं की गाडीला नवेनवे आवाज फुटतात. चेन कुरकुरल्यासारखी वाटते. हेडलाइट मंद झाल्यासारखा वाटतो. पायाखाली एखादी थरथर जाणवते, जी दुपारी नव्हती. पुढच्या गावातले दिवे दिसले की हे सगळे आवाज आपोआप बंद होतात. लांब पल्ल्याच्या प्रत्येक चालकाला हा अनुभव असतो आणि त्यातून एक गोष्ट कळते. गाडीवरचा भरवसा पूर्णपणे गाडीत नसतो. ती थांबली तर पुढे काय, याची आपल्याकडे जितकी कमी सोय, तितका तो कमी होत जातो.

मग भरवशाची गाडी म्हणायचं तरी कशाला? घरी कामाला येणाऱ्या मावशींना आपण भरवशाच्या म्हणतो, तेव्हा त्या कधीच खाडा करत नाहीत असा त्याचा अर्थ नसतो. खाडा असला की त्या आदल्या दिवशी सांगतात, असा असतो. गाडीचंही मला तसंच वाटतं. बिघडण्याआधी जी सांगते, ती भरवशाची.

पाटण सोडून कोयनानगरकडे जाताना एकदा क्लचचा लिव्हर जड लागायला लागला. पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं होतं. रस्त्याला लागून पत्र्याची शेड, आत एक उघडलेली गाडी, बाहेर टायरला टेकवलेली पाटी. फिटर वयाने माझ्याहून लहान होता. त्याने लिव्हर दोनदा दाबला, रबराची टोपी मागे सरकवली आणि टोकाशी बोट ठेवून दाखवलं. पीळ घातलेल्या बारीक तारांपैकी निम्म्याहून जास्त तुटून बाहेर फिस्कारल्या होत्या. उरलेल्या चार-सहा तारांवर क्लच चालला होता.

"चिपळूणपर्यंत जाईल का?" मी विचारलं.

"जाईल बी. पर विश्वास पानिपतात गेला, ताई. बदलून टाका."

त्याच्याकडे माझ्या गाडीची केबल नव्हती. दुसऱ्याच एका गाडीची थोडी लांब केबल होती, ती त्याने वळण देऊन बसवली. मग कोणी सांगितलं नसताना इंजिन चालू केलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाशी धरली आणि डोळे मिटले. डॉक्टरच्या नळीचं काम तो स्क्रूड्रायव्हर करतो. आत बेअरिंग घासत असेल तर ते दांडीतून कानात येतं. त्याने तीन-चार ठिकाणी टोक टेकवून ऐकलं आणि बेअरिंग ठीक असल्याचं सांगितलं. वरून येणारी बारीक टकटक मलाही ऐकू येत होती. ती कसली, असं विचारलं.

"टॅपेट हाय. वाजतंय तवर काळजी न्हाई. गप बसला की बघा."

हे फारच नेमकं बोलणं आहे. टॅपेटमध्ये केसभर फट असावी लागते. ती थोडी वाढली तर आवाज येतो, बाकी फारसं बिघडत नाही. ती उरलीच नाही तर आवाज थांबतो, इंजिन छान मऊ चालल्यासारखं वाटतं, आणि आत व्हॉल्व्ह पुरता बसत नसल्यामुळे हळूहळू जळू लागतो. इंजिनाच्या बाबतीत शांतता ही नेहमीच शुभवार्ता नसते. लांबच्या प्रवासात पन्नाशीला टेकलेले बायकर जुन्या केबलशेजारी नवी केबल आधीच ओवून ठेवतात, म्हणजे तुटलीच तर दहा मिनिटांत फक्त दोन टोकं बदलायची. त्यांचा गाडीवर विश्वास नसतो असं नाही. गाडी काय बोलते हे त्यांना कळतं, एवढंच.

सांगून बिघडण्यात जुन्या बुलेटचा हात धरणारं कोणी नव्हतं. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि इंग्लंडचं हे यंत्र इकडे रुजलं, ते पुढची पाच दशकं मूळ आराखडा फारसा न बदलता. ओतीव लोखंडाचं इंजिन, पॉइंट, किक मारण्याआधी दाबायचा डीकॉम्प्रेशनचा लिव्हर, अँपिअरमीटरचा डुगडुगणारा काटा. बुलेट उभी होती तिथे तेलाचा डाग दिसला नाही तर तेल संपलं असं समजावं, हा विनोद बुलेटवाल्यांनीच केलेला आहे. पॉइंटमध्ये कचरा आला तर काडेपेटीच्या खरखरीत बाजूने घासून गाडी पुढे नेणारी माणसं मी पाहिली आहेत. या सगळ्याला बुलेटप्रेमी 'कॅरेक्टर' म्हणतात. मला त्यात एवढं हळवं होण्यासारखं काही दिसत नाही. दर रविवारी अंगणात पान्हे पसरून बसायला सवड आणि अंगण दोन्ही असलेल्यांची ती चैन होती.

ज्यांच्याकडे ती सवड नव्हती त्यांचा प्रश्न दुसऱ्या गाडीने सोडवला. १९८४ मध्ये हिरो आणि होंडा एकत्र आले, पुढच्या वर्षी सीडी १०० बाजारात आली. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात त्या पिढीला अजून आठवते. जाहिरातीच्या मानाने ही बरीच खरी निघाली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि गावोगावच्या दूधवाल्यांनी, शिक्षकांनी, विम्याच्या एजंटांनी या गाड्या अशा वापरल्या की कुठल्याही कंपनीच्या चाचणीत त्यांची इतकी परीक्षा झाली नसती. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, खडीचा रस्ता, पहाटेची थंडी, आणि महिनोन्‌महिने उशिरा बदललेलं ऑइल. या लोकांना कोणी 'रायडर' म्हणत नाही. पण वर्षभराचे किलोमीटर मोजले तर लडाखच्या स्टिकरवाल्यांना ते सहज मागे टाकतील. गाडीवर भरवसा आहे का, असं त्यांना विचारलं तर प्रश्नच कळणार नाही. गाडीचा विचार करावा लागत नाही, हाच त्यांचा भरवसा.

रॉबर्ट पर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' या १९७४ सालच्या पुस्तकात या दोन वृत्तींची गाठ पडते. निवेदकाच्या मित्राच्या बीएमडब्ल्यूचं हँडल सैल होऊन घसरत असतं. बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून मध्ये घातली तर ते पक्कं बसेल, असं निवेदक सुचवतो. मित्राला ते अपमानास्पद वाटतं: एवढी भारी गाडी, आणि तिला डब्याचा पत्रा! वाचणारा सहसा निवेदकाच्या बाजूने होतो, कारण पुस्तक त्याचं आहे. मला त्या मित्राबद्दल नेहमी आपुलकी वाटत आली आहे. गाडीच्या पोटात डोकं घालायचं नाही, तिच्यावर बसून फक्त रस्ता पाहायचा, ही इच्छा आळशी माणसाची असेलही, पण वाईट नाही. बहुतेक माणसं गाडी घेतात ती कुठेतरी जाण्यासाठी.

आणि यंत्रांनी शेवटी त्या मित्राचंच ऐकलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. याचा फायदा कुठे दिसतो, तर मनाली-लेह रस्त्यावर. तिथल्या खिंडी पाच हजार मीटरच्या वर जातात आणि हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्म्यावर येतो. कार्ब्युरेटरला हे कळत नसे. तो पेट्रोल पूर्वीच्याच हिशेबाने सोडायचा. मिश्रण घट्ट व्हायचं, काळा धूर यायचा, गाडी आचके देत पहिल्या गिअरवर रडतखडत चढायची. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हवा मोजतो आणि तेवढंच पेट्रोल आत जातं. दम चालकाला लागतो आणि गाडीचाही जोर कमी पडतो, पण ती चढत राहते.

फक्त तिचं बोलणं कमी झालं. केबल झिजते, चेन ताणली जाते, बेअरिंग घरघरतं. धातू मरताना वेळ घेतो आणि कुरकुर करतो. सेन्सर किंवा रेग्युलेटर तसं काही करत नाही. कधी पिवळा दिवा लागतो, कधी तोही नाही. काल होता, आज नाही. तिथे काडेपेटी चालत नाही आणि डोळे मिटून ऐकणारा फिटरही हात वर करतो. लाहौलमध्ये तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक आहे, त्याखाली उभं राहून फोटो काढणाऱ्यांच्या हसण्यात थोडी धाकधूक असते, ती काही फक्त पेट्रोलची नसते. जुना भरवसा चालकाच्या कानात होता, नवा कारखान्यात आहे. देवाणघेवाण फायद्याची झाली आहे. मी जुन्या गाडीकडे परत जाणार नाही. पण पूर्वी गाडी दहादा कुरकुरायची आणि एकदा थांबायची. आता ती न कुरकुरता क्वचित थांबते, आणि थांबली की टेम्पो बोलवावा लागतो.

म्हणून लांबच्या प्रवासासाठी गाडी निवडताना मी कंपनीच्या पत्रकापेक्षा रस्त्याकडे जास्त पाहते. ज्या भागातून जायचं तिथले लोक काय चालवतात? जी गाडी तिथे दारोदार उभी आहे तिचा प्लग, ट्यूब, ब्रेक-शू तालुक्याच्या गावात मिळतोच; नाहीच मिळाला तर एखाद्याच्या गाडीतून काढून देतील. दुर्मीळ गाडीचा ब्रेक लिव्हर तुटला तर पुण्याच्या नाना पेठेतून किंवा दिल्लीच्या करोल बागेतून तो येईपर्यंत लॉजवर मुक्काम. चे गेव्हारा आणि अल्बर्टो ग्रानादो १९५२ साली ज्या नॉर्टनवर दक्षिण अमेरिका पालथी घालायला निघाले होते, तिचं नाव त्यांनी 'महाबली' अशा अर्थाचं ठेवलं होतं. महाबलीने चिलीमध्येच राम म्हटला. उरलेला, आणि जास्त मोठा, प्रवास ट्रक, बोटी आणि पायांवर झाला. अनोळखी लोकांनी बसवून घेतलं, खाऊ घातलं. तरी त्या प्रवासावरच्या गेव्हाराच्या पुस्तकाच्या नावात मोटरसायकल राहिलीच.

यंत्राचा भरवसा वाढत गेला, त्याचा एक परिणाम मात्र कोणी हिशेबात धरला नव्हता. जुनी गाडी घाट चढून गेली की तापायची आणि माथ्यावर तिला गार होऊ द्यावं लागायचं. थांबा गाडीसाठी असायचा, पण पाय मोकळे व्हायचे चालकाचे. चहा व्हायचा, तोंडावर पाणी मारलं जायचं. आजच्या गाडीला असा थांबा लागत नाही. ती पाचशे, सहाशे, सातशे किलोमीटर एका सुरात जाते आणि आपणही तिच्याबरोबर जाऊ शकतो असं वाटायला लावते. मग जेवणानंतर, दुपारी तीनच्या सुमाराला, सरळ रस्त्यावर डोळ्यांवर झापड येते.

खरं तर शरीर सांगूनच बिघडतं. जांभया येतात. मनगटं मुंग्या आल्यासारखी होतात. मागचे चार-पाच किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही. वेगाचा काटा कारण नसताना खाली-वर होतो, वळण उशिरा दिसतं. क्लचच्या केबलने यातलं एक चिन्ह दाखवलं असतं तर आपण पुढच्या शेडपाशी उतरलो असतो. स्वतःच्या बाबतीत मात्र "अजून पन्नासच राहिलेत" म्हणून रेटतो. टॅपेटची टकटक ओळखणारी माणसंसुद्धा आपल्या जांभईकडे काणाडोळा करतात, आणि या प्रवासातला सगळ्यात कच्चा भाग नेमका तोच आहे.

निघण्याआधी मी गाडी तपासते: तेल, चेन, टायरमधली हवा, ब्रेक, दिवे, केबल. हल्ली त्या यादीत शेवटची ओळ माझी असते. रात्री झोप नीट झालेली नसेल तर गाडी कितीही भरवशाची असली तरी बॅग सोडायची आणि उद्या निघायचं.