ढोलीतला आणि पिंजऱ्यातला

देशी पोपट पाळणं हा गुन्हा आहे, हे कितीतरी सुशिक्षित घरांना आजही ठाऊक नसतं. गॅलरीत पिंजरा, त्यात मिरची आणि पेरूची फोड, आल्यागेल्याला ‘मिठू मिठू’ ऐकवण्याची हौस. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा पोपटाला लागू आहे. 1990-91 पासून तर देशी पक्ष्यांच्या व्यापारावरच बंदी आहे. पण मला कायद्याचा धाक घालायचा नाही. तो पोपट त्या पिंजऱ्यात आला कसा, एवढंच विचारायचं आहे.

पोपट घरटं विणत नाही. सुतार पक्ष्याने, तांबटाने कोरलेलं भोक तो मोठं करतो, नाहीतर जुन्या झाडाची ढोली शोधतो. पिल्लं काढणारा माणूस त्या झाडावर चढतो. हात आत पोचला नाही, तर ढोलीच फोडतो. पिसंही धड न फुटलेली पिल्लं पिशवीत कोंबून बाजाराची वाट धरतो. वाटेत किती मेली, याचा हिशेब विकणाराही ठेवत नाही आणि घेणाराही विचारत नाही. फोडलेली ढोली मात्र पुढच्या वर्षी कुठल्याच जोडीच्या कामाची उरत नाही. पिल्लांबरोबर घरही गेलेलं असतं.

दुकानातल्या बजरीगर या छोट्या पोपटाची गोष्ट वेगळी. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1840 साली जॉन गूल्डने जिवंत पक्षी इंग्लंडला नेले आणि पुढे माणसाच्या हाताखाली त्याच्या पिढ्यांवर पिढ्या वाढल्या. तो घेतल्याने कुठलं रान ओस पडत नाही. तरी तो थव्याने उडणारा पक्षी आहे. वीतभर पिंजऱ्यात एकटा ठेवला, तर पिंजऱ्यात जन्मल्याने त्याचं दुःख कमी होतं असं मला वाटत नाही.

‘रानातलं ते वाईट’ हा नियमही सगळीकडे लावता येत नाही. ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीत बार्सेलोसचे मच्छीमार कार्डिनल टेट्रा हा इवलासा मासा पकडतात. पाणी ओसरलं की एरवीही हे मासे मोठ्या संख्येने मरतातच, आणि या धंद्यावर पोट असल्यामुळे तिथल्या माणसांना नदी आणि जंगल जपावंसं वाटतं. पोपटाच्या धंद्यात असं काहीच नाही. तिथे झाडही जातं, पक्षीही जातो.

म्हणून रानातला पोपट कुणी कितीही स्वस्तात देऊ केला, तरी घेऊ नका. आणि सोसायटीच्या आवारातलं ढोल्या पडलेलं जुनं झाड धोक्याचं नसेल, तर ते तोडण्याच्या ठरावाला विरोध करा.