जावयाचे घड्याळ

लग्नात जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधण्याची चाल व्यापारी घरांतून अजून टिकून आहे. निवड मात्र पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. 1961 साली बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला आणि पुढे त्यांचे वार-तारीख दाखविणारे स्वयंचलित ‘कांचन’ लग्नातील मानाचे घड्याळ ठरले. ते मागितले की काम संपत असे. 2016 मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

शिरूर अनंतपाळच्या एका आडत्याच्या घरी यंदा हा प्रश्न आला, तेव्हा बाबूजींची अट एकच होती: घड्याळ सेलचे नको. होणारे जावई नित्य सामायिक करतात. विजेत तेजस्कायाचे जीव मानणाऱ्या घरांत सामायिकाची 48 मिनिटे सेलचे घड्याळ उतरवून ठेवतात. साधू-साध्वींच्या वंदनेलाही ते दूर ठेवतात. याविषयी संप्रदायांत मतभेद आहेत, पण घराची रीत ती रीत. स्वयंचलित घड्याळात सेल नसतो. हात हलला की आतील अर्धवर्तुळाकार वजन फिरते आणि स्प्रिंग आवळली जाते.

लातूरच्या दुकानात पहिला खल झाला तो पट्ट्यावर. समारंभाचे घड्याळ म्हणजे पातळ, साध्या तबकडीचे, सदऱ्याच्या बाहीखाली सरकणारे. आणि अशा घड्याळांना बहुधा चामड्याचाच पट्टा असतो. वासराच्या चामड्यावर मगरीच्या कातड्याची नक्षी उमटविलेला पट्टा पाहून आईंनी तबक परत सारले. पोलादी साखळीचे घड्याळ आले तेव्हा कुठे पुढचे बोलणे सुरू झाले.

जावयांच्या भावी मेव्हण्याने वेळेचा हिशेब मांडला. साधे स्वयंचलित घड्याळ दिवसाला पंधरा-वीस सेकंद पुढे-मागे होते; सेलचे घड्याळ तेवढे महिन्याला चुकते. हिशेब खरा आहे, आणि गाडी गाठणाऱ्याने तो करावाच. तारखेचेही तसेच. तिची चकती 31 आकड्यांची, म्हणून वर्षातून पाचदा ती हाताने पुढे न्यावी लागते. रात्री नऊ ते तीनच्या दरम्यान मात्र नाही, कारण तेव्हा तारखेचे दाते आपल्या कामात गुंतलेले असतात आणि त्यांना इजा होऊ शकते. अष्टमी-चतुर्दशी यातले कोणतेच घड्याळ सांगत नाही. त्यासाठी भिंतीवरचे पंचांग आहेच.

शेवटी पांढऱ्या तबकडीचे, तीनच्या जागी तारखेची खिडकी असलेले घड्याळ ठरले. विक्रेत्याने जोडीला दुसरे सुचविले. पहिले न वापरता ठेवले तर साधारण चाळीस तासांनी थांबेल, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. आणि त्यावर उपाय म्हणून घड्याळे फिरवीत ठेवणारी, विजेवर चालणारी पेटी पुढे केली.

“अहो,” बाबूजी म्हणाले, “मग सेलचे काय वाईट होते?”

घड्याळ एकच घेतले.