हॉटेलातला गुंड

मैत्रिणींनो, सासूबाईंना सत्तर पुरी झाली म्हणून गेल्या महिन्यात आम्ही यवतमाळच्या एका नव्या हॉटेलात जेवायला गेलो. हल्ली 'जुन्या काळची' सजावट करायची टूम निघाली आहे ना, तसलेच ते! दारात बैलबंडीचे चाक, आत कंदील, बंगई, भिंतीवर मूर्तिजापूरला जायची त्या आपल्या शकुंतला गाडीचे भले मोठे चित्र. ह्यांना तर बंगई सोडवेना.

ही टूम आपल्याच गावची नाही म्हणा. मुंबईचे 'कयानी' १९०४ पासूनचे; तिथले जुनेपण रोजच्या वापरातले. त्याच इराणी हॉटेलांचे रूप घेऊन २०१० साली लंडनमध्ये 'डिशूम' निघाले.

आमच्या टेबलाशेजारी पितळेचा गुंड होता, त्यात मनीप्लँट. पाटवडी-रस्सा समोर आला तरी सासूबाई गुंडाच्या गळ्यावरून बोट फिरवत होत्या. नाव झिजले होते, '...हिस आजोळकडून' एवढेच वाचता येत होते. "कोनाची तं आठवन हाये वं हे," त्या म्हणाल्या. माझा घास घशातच अडकला.

कारण सांगते. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी, गॅसच्या ओट्यावर पितळ शोभत नाही म्हणून, मी त्यांचा असाच गुंड नि दोन गंज मोडीत घातले. त्या पैशात मिक्सर आला. त्यांना विचारले नव्हते असे नाही. "पाय बाई, तुलेच घासा लागते," एवढेच त्या बोलल्या आणि तो मी होकार धरला. मला शाळेची घाई. चिंच-राख घेऊन कोण बसणार? कल्हईवाला फिरकायचा बंद झालेला, आणि बिनकल्हईच्या पितळेत ताक-आमटी ठेवू नये हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझे काही चुकले नाही, असे मी बरीच वर्षे मानले.

घरी आल्यावर माळ्यावरचे उरलेले घंगाळ खाली काढले. घासता घासता काठावर नाव उमटले. पण आमच्याकडे त्यांना ज्या नावाने ओळखतात, ते नव्हे. मी विचारले तर लाजल्याच. "हे माहं माहेरचं नाव."

बारा वर्षे मी ह्या घरात आहे, मला ते माहीत नव्हते!

आता त्यांच्या आंघोळीचे पाणी रोज त्याच घंगाळात काढते. घासताना हात दुखतात, ते मात्र खरे.