थांबायची ऐपत

डोंबिवली

चि. निखिल,


काल ताईचा फोन आला. तिची एफडी मोडून तू पैसे ऑप्शनमध्ये घातलेस, हे तिने रडतच सांगितलं. वर तुझं वाक्यही ऐकवलं, की बाजारात सगळ्यांना सारखीच संधी असते. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. आपल्या घरात वाढलेल्या मुलाने असं म्हणावं?

2020 आठव. 23 मार्चला सेन्सेक्स एका दिवसात 3,935 अंकांनी कोसळून 26 हजारांखाली आला. जानेवारी 2021 मध्ये त्याने 50 हजारांना हात लावला. आता आपले शिंपीकाका बघ. लॉकडाऊनमुळे दुकान बंद, भाडं चालू, लग्नसराईचे ब्लाऊज अर्धवट शिवून मशीनपाशी पडलेले आणि न्यायला कोणी येईना. काकांनी एप्रिलमध्ये म्युच्युअल फंडातली युनिटं तोट्यात विकली आणि भाडं चुकतं केलं. ते भाडं घेणाऱ्या मालकाने त्याच महिन्यात शेअर घेऊन ठेवले. अक्कल दोघांनाही होती, थांबायची ऐपत एकाकडेच होती. बाजार पडला की नडलेला विकतो आणि भरल्या घरचा घेतो. मग तेजी येते ती त्याच घरी. दरी अशी रुंदावते रे.

आणि तुझ्या ऑप्शनमध्ये तर थांबायची सोयच नाही, एक्स्पायरी आली की कारभार आटोपला. सेबीने 2021-22 ते 2023-24 अशा तीन वर्षांचा हिशेब काढला. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये शंभरातल्या 93 जणांना तोटा, एकूण 1.8 लाख कोटींहून जास्त. नफा गेला मुख्यतः मोठ्या संस्थांच्या संगणकांकडे. तोट्यातले बहुतेक जण तरीही खेळतच राहिले, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तुझ्यासारखीच मुलं असणार ती.

ताई म्हणते, सकाळी सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत तुझ्या खोलीचं दार बंद असतं, ताट तसंच परत येतं. किती गेले ते तू तिला सांगत नाहीस. मला सांग. मी रागावणार नाही. कोणाकडून उसने घेतले असशील तर तेही सांग, आणि गेलेले भरून काढायला आणखी घालू नकोस. राहिलेली रक्कम उद्याच ताईच्या खात्यात परत टाक. रविवारी मी येतोय, घरीच थांब.

तुझा,
मामा