उंच छताखालचा पहिला हिवाळा

हीट पंप बसवला तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती रेडिएटरची. हात लावावा तर नुसता कोमट. गॅस बॉयलर होता तेव्हा त्यावर हात टेकवत नसे. लीड्समधला जानेवारी, शंभरेक वर्षांपूर्वीचं विटांचं घर, साडेदहा फुटांवर छत. एवढ्याशा उबेने ही खोली तापणार कशी? नागपूरच्या घराची उंच छतं उन्हाळ्यात किती सुखाची वाटायची! गरम हवा डोक्यावर राहायची. इथे तीच हवा मला पायांपाशी हवी होती.

बसवणारा गृहस्थ सांगून गेला, "सारखा चालू-बंद करू नका, मंद चालू द्या." खोलीतून बाहेर पडताना पंख्याचं बटण बंद करणाऱ्या घरात मी वाढले. दिवसरात्र यंत्र चालू ठेवायचं म्हटल्यावर पोटात गोळा आला.

मग वाचायला बसले. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या गार हवेतली उष्णता घरात आणतो, म्हणून 1 युनिट विजेत 3 युनिटच्या आसपास उष्णता मिळते. पण पाणी जितकं जास्त तापवायला लावाल, तितकी ही मिळकत घटते. दर अंशामागे साधारण 2 ते 2.5 टक्के. रेडिएटर कोमट असणं हीच तर काटकसर होती.

तरी छताचं कोडं सुटेना. शेवटी वही घेतली. खोली 5 बाय 4 मीटर, उंची 3.2. नेहमीच्या 2.4 मीटर उंचीच्या खोलीपेक्षा 16 घनमीटर हवा जास्त. ती 10 अंशांनी तापवायला लागणारी उष्णता जेमतेम 0.05 युनिट! मी दोनदा गुणाकार तपासला. म्हणजे हवा तापवणं महाग नाहीच, महाग आहे ती निसटणारी ऊब. बाहेर उणे 3 आणि आत 20 असताना जास्तीच्या उंचीमुळे बाहेरच्या भरीव भिंतीतून सुमारे 180 वॅट जातात, आणि तासाला एकदा खोलीतली हवा बदलते असं धरलं तर फटींतून आणखी 120. हे 300 वॅट भरून काढायला पंपाला, एकास अडीच धरले तरी, 120 वॅट वीज लागते. कडाक्याच्या थंडीत दिवसाला 3 युनिटच्या आत. उंचीची किंमत आहे, पण मी भीत होते तेवढी नाही.

एक थर्मामीटर जमिनीवर, एक पुस्तकांच्या उंच कपाटावर ठेवून पाहिला. फरक थोडाच निघाला. सत्तर अंशांचा रेडिएटर हवा झपकन वर उडवतो, चाळिशीतला हळूहळू. त्यामुळे ऊब छताशी तेवढी साचत नाही. पाय मात्र गारच. मग खिडकीच्या चौकटीखाली उदबत्ती धरली. धूर सरळ वर न जाता आडवा होऊन खोलीत आला. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्या; त्यांच्या सगळ्या कडांना आता ब्रशाच्या पट्ट्या लावल्या आहेत, आणि बंद पडलेल्या शेकोटीच्या धुराड्यात लोकरीचा बोळा. पंपाच्या पाण्याचं तापमानही थोडं उतरवता आलं.

भिंतींना आतून इन्सुलेशन लावलं तर मोठी बचत होईल, हे आकडेच सांगतात. पण मग छताच्या कडेची प्लास्टरची नक्षी झाकली जाणार, आणि ओल नीट सांभाळली नाही तर विटांच्या भिंतीतलं लाकूड कुजण्याची भीती. त्यासाठी जुन्या घरांचा जाणकार शोधते आहे. तोवर वरच्या मजल्यावरच्या खिडक्या हाती घ्यायच्या.