डाग दिसला म्हणून गोळी सोडू नका

धाकटी दोन वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने मी सरकारी दवाखान्यातून 'माला-एन'चं पाकीट आणलं. २१ पांढऱ्या गोळ्या, मग ७ लोहाच्या. रात्री दुधाला विरजण लावलं की गोळी घ्यायची, असा नेम ठेवला.

बाराव्या दिवशी डाग दिसला. मग रोजच थोडं थोडं. शाळेत फळ्याकडे वळायचं तर आधी पदर मागून सावरायचा! शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, गोळ्या उष्ण पडतात. मोकळं गेलं नाही, तर सगळं आत साठून राहतं."

झालं! पाकीट मी अर्ध्यावरच टाकलं. ह्यांनाही बोलले नाही. दोन-तीन दिवसांत अंगावरून चांगलं गेलं आणि वाटलं, सुटले. पण पुढच्या महिन्यात पाळीचा पत्ताच नाही! ते दहा दिवस कसे काढले, माझं मलाच ठाऊक. शेवटी लघवी तपासली. सुदैवाने दिवस गेले नव्हते.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आत काही साठत नाही हो. या गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, मग जाणार तरी किती? पांढऱ्या गोळ्या थांबल्या, की ते अस्तर सुटतं. लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात अंगावरून जातं ते हेच. तुम्ही मध्येच थांबलात, म्हणून तेव्हाही गेलं."

पहिले दोन-तीन महिने मधूनच डाग दिसणं नेहमीचंच. गोळी चुकली तरी दिसतात. एक चुकली तर आठवताच घ्यावी, पुढची ठरल्या वेळी. दोन किंवा जास्त पांढऱ्या चुकल्या, तर पुढचे सात दिवस निरोधही वापरावा. तीन महिन्यांनंतरही डाग थांबले नाहीत, रक्त फार गेलं किंवा लोहाच्या आठवड्यात काहीच गेलं नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. रक्तदाब किंवा अर्धशिशी असेल, तर ते गोळ्या सुरू करण्यापूर्वीच सांगावं.

मी नवं पाकीट सुरू केलं. चौथ्या महिन्यापासून डाग नाहीत. पूर्वी चार दिवस जीव नकोसा व्हायचा, तेही आता सुसह्य झालंय. आणि या वेळी ह्यांना सगळं सांगून टाकलं. आता रात्री तेच आठवणीने विचारतात, "विरजण लागलं का?"

सासूबाईंना वाटतं, मुलाला दह्याची भारी आवड!